य आणि दोन प्रश्नचिन्हं

मे लागला की टोर्नियोत
कुणी कुणाला बरा आहेस का विचारत नाही.
विचारतात, अजून आहे?
म्हणजे नदीवरचा बर्फ.

तेवीस वर्षं मी त्याची नोंद ठेवतोय.
कोणत्या तारखेला फुटला, किती वाजता,
पुलाच्या कितव्या खांबापाशी पहिली भेग,
आणि त्या दिवशी मी काय खाल्लं.
(तेही लिहितो. नोंद माझी आहे.)
संगणकात, माझ्याच हाताने बांधलेल्या पानावर:
वर निळी पट्टी, डावीकडे साल, उजवीकडे मजकूर.
दिवसा शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या विसळायच्या
आणि रात्री शिकायचं, तेवढ्याच विद्येवर.

परवा यंत्राने विनयाने कळवलं,
आपण वापरता ती आवृत्ती आता कुणी सांभाळत नाही.
मी म्हटलं, मलाही.

तरी होय दाबलं.

तारखांचा भाग नवा बसवला तर नकाशा रुसला.
नकाशाची समजूत काढली तर अक्षरं हडकली.
अक्षरांना अंग आणलं तर निळी पट्टी
घसरत घसरत पानाच्या तळाशी जाऊन बसली,
बुडालेल्या होडीच्या काठासारखी.
तिला वर काढायला एक तुकडा हवा होता,
त्या तुकड्याला आणखी एक तुकडा,
आणि त्या दुसऱ्या तुकड्याचा कर्ता
सात वर्षांपूर्वी सगळ्यांचे आभार मानून
मेंढ्या पाळायला निघून गेला होता.
भीक नको पण कुत्रं आवर, म्हटलं मी.
कुत्रं म्हणालं, आधी आवृत्ती नऊ बसवा.

पहाटे दोनला ते दिसलं.

आमच्याकडे बर्फाला यॅऽ म्हणतात,
जबडा सैल सोडून, लांबवून.
लिहिताना य, मग दोन जुळी अक्षरं,
दोघांच्याही डोक्यावर दोन-दोन ठिपके,
छपरावर कावळे बसावेत तसे.
कावळे उडाले होते.
तेवीस वर्षांत जिथे जिथे बर्फ होता
तिथे आता य आणि दोन प्रश्नचिन्हं.
अकरा मे, सकाळी सहा दहा: य?? फुटला. ओट्सची पेज.
सात मे, दुपार: य?? अडकला. तिसरा खांब. प?इवी सोबत होती.

तिच्याही नावात एक कावळ्यांची जोडी होती,
माझ्या लक्षातच नव्हतं.

पंखा घरघरत होता. मी एकेक चिन्ह
हाताने बदलत बसलो,
तीन ओळी दुरुस्त झाल्या की
चौथीत दुसरंच काही मोडायचं.

उजाडल्यावर हिल्काकडे गेलो.
तिच्या नावघराच्या दारावर आतून
तिच्या सासऱ्यापासूनच्या तारखा आहेत, पेन्सिलीच्या.
निदान त्या तरी पुन्हा उतरवून घ्याव्यात.
दार हिरवंगार होतं.
सूनबाईंनी उन्हाळ्यात रंगवलं, म्हणाली,
फार जुनाट दिसतं म्हणे.
आम्ही दोघं त्या दाराकडे बघत राहिलो.
चांगला रंग होता, काही ओघळ नाहीत.
तुझ्याकडे आहेत ना सगळ्या? तिने विचारलं.
तूच तर उतरवून नेल्या होत्यास.

आहेत, म्हटलं मी. म्हणजे आकडे आहेत.

मग ती म्हणाली, काल केवढा आवाज झाला, नाही?
कसला?
अरे, गेला की तो. सव्वादोनला.
माझ्या कपाटातल्या बश्या वाजल्या.

तिच्या खांद्यावरून पाहिलं.
नदी काळी, उघडी, घाईत;
एक लांबट तुकडा तेवढा
काठाला घासत, गोल फिरत, मागे राहिलेला.
हिल्काने खिशातली पेन्सिल काढली, दारावर टेकवली.
नव्या रंगावर शिसं उमटेना.
दोनदा तिने जीभ लावून पाहिलं.

घरी आलो. निळी पट्टी तळाशीच होती.
राहू दिली.
लिहिलं:
सव्वादोन, रात्र. खांब माहीत नाही.
य?? फुटला.
मी घरीच होतो, जागा.
राईचा पाव, कालचा मासा.