पाचामुखी

खेळाच्या दोन तास आधी
लाइल व्हॅन्डरवॉर्ट चेंडूंना चिखल फासतो.
डब्यातला, नदीकाठचा, लोण्यासारखा मऊ,
त्यात जराशी थुंकी. सहा डझन चेंडू.
नव्या चामड्याचा बुळबुळीतपणा मारायचा,
पण डाग दिसता कामा नये.
शेजारच्या बादलीवर बसून एफ्राइन कास्तान्येदा
कालच्या मोटेलला शिव्या घालतो.

पाचामुखी परमेश्वर म्हणतात.
इथे मुखं दोनच,
आणि एक जुनी बुइक, जिचा एसी फक्त उतारावर चालतो.
मोंटानात उतार पुष्कळ, नशीब.
रात्री अकराला सामना संपतो, पहाटे चारला पुढचं गाव,
मांडीवर गार बर्गर, आणि रेडिओवर
कुठल्या तरी दुसऱ्याच गावातला पंच
शिव्या खात असतो.

फ्लॉरिडातल्या पंचशाळेत पाच आठवडे
पिचर नसताना, कॅचर नसताना, चेंडूसुद्धा नसताना
दोनशे जण रांगेत उभे राहून ओरडायचे: स्ट्राइक!
मास्तर म्हणायचा, चुकलात तरी चालेल,
पुटपुटू नका.

काम तसं एका खिडकीचं.
हवेतली खिडकी, चौकट नाही, काच नाही,
रुंदी सतरा इंच, उंची ज्याच्या त्याच्या गुडघ्यांपासून:
ताडमाडाला मोठी, ठेंगण्याला बुटकी,
आणि जो फार वाकून उभा राहतो
त्याला वाटतं, आपण तिला फसवलं.

एकदा फाउल गेलेला चेंडू लाइलच्या गळ्यावर बसला.
डोळ्यांपुढे काजवे. श्वास सापडेना.
तेव्हा कॅचर, रायमुंडो नावाचा पोरगा, उठला
आणि काही काम नसताना पिचरकडे चालत गेला,
रमतगमत, जणू मोठी मसलत आहे.
चार दिवसांनी चेंडू रायमुंडोच्या अंगठ्यावर आला.
लाइलने मागच्या खिशातला ब्रश काढला,
लोकांकडे पाठ होऊ नये म्हणून वळला, वाकला,
आणि स्वच्छ होम प्लेट
सावकाश झाडत राहिला.
याबद्दल दोघं कधी बोलले नाहीत.

आणि मग ब्यूटमधली ती रात्र.
शेवटचा डाव, तिन्ही बेस भरलेले, तीन बॉल, दोन स्ट्राइक.
चेंडू वळला, बुडाला,
हात वर गेला,
आणि डोळा मागाहून पोचला.
खाली होता. बोटभर.
स्टँडमधून बाटली आली, मॅनेजरने टोपी आपटली,
ते सगळं रोजचंच.
पण बॅटर, टोबायस रेंक, वय वीस,
काही म्हणाला नाही.
बॅट मातीत आडवी ठेवली, आवाज न करता,
आणि गेला.
पुढच्या आठवड्यात संघाने त्याला घरी पाठवलं.
त्या चेंडूमुळे नाही, त्याची सरासरीच वाईट होती,
असं एफ्राइन म्हणाला.
दोनदा म्हणाला.

अकरा वर्षांत मोठ्या लीगची एकच संध्याकाळ:
कुणा बड्या पंचाला मूतखडा झाला म्हणून.
नॅडीनने शेजाऱ्यांना बोलावलं, टीव्हीसमोर खुर्च्या मांडल्या.
लाइल तिसऱ्या बेसवर.
नऊ डावांत तिकडे काही आलंच नाही.
एक कबूतर आलं.
ते बराच वेळ रेषेच्या आत होतं.

ऑक्टोबरात पत्र आलं, अडीच ओळींचं.
आभारी आहोत, वगैरे.

आता तो आयोवात, सहकारी धान्यकोठारात
मक्याची ओल मोजतो.
मशीन आकडा दाखवतं, तो वाचून सांगतो.
गेल्या शनिवारी मिसेस ह्यूल्सकॅम्प ट्रकमधून उतरून ओरडली:
सतरा? आंधळा आहेस का रे तू?

लाइल वळला.
मागच्या खिशातून ब्रश काढला,
वाकला, वजनकाट्याचा पत्रा झाडू लागला.
पत्रा स्वच्छच होता.
ती थांबली. मागचे ट्रकही थांबले.
मग गुडघा धरत तो उठला
आणि म्हणाला, आणा,
पुन्हा मोजू.