किती निळं?

मासे तुझे. आजार तुझ्या घाईचा.
बेनिग्नोनं दुकानात दोनदा बजावलं होतं,
नवा मासा महिनाभर वेगळा ठेव, रेमी.
तू पिशवी कोटाच्या आत छातीशी धरून आणलीस,
विनिपेगात उणे एकतीस,
आणि तासाभरात तो पिवळा टँग
मोठ्या टाकीत मिरवत होता
नव्या जावयासारखा.

नवव्या दिवशी त्याच्या परांवर मीठ भुरभुरल्यासारखे ठिपके.
दहाव्या दिवशी सगळ्यांच्याच.
अकराव्या दिवशी रेल्वेचं पत्र:
थंडर बेच्या डेपोत तीन महिन्यांची बदली.
तू गव्हाच्या एकशे बारा वाघिणी ओढत गेलास.
तळघरात उरले
मी, बादल्या, आणि हे आठ आजारी.

मला मासे आवडत नाहीत. तुला माहीत आहे.
तरी दुसरी टाकी मांडली:
वाळू नाही, दगड नाही (दगड म्हणे तांबं पिऊन टाकतो),
नुसता हीटर, स्पंज,
आणि लपायला प्लास्टिकच्या पाइपचे कोपरे,
तू सिंक दुरुस्त करायला आणलेले, दोन वर्षांपूर्वी.
बेनिग्नो म्हणाला, तांबं औषध नव्हे, ओडेट,
विषच. रोगापेक्षा जरा हळू, इतकंच.

रोज रात्री नळीत पाणी, पाण्यात पूड, पाच मिनिटं.
मग तुझा फोन.
किती निळं?
निळं.
हो, पण किती?
आता काय सांगू. न्हाणीघराच्या जुन्या फरशीसारखं.
कमी आहे. दोन थेंब घाल.
दुसऱ्या रात्री: तुझ्या कामाच्या सदऱ्याची कॉलर, आतल्या बाजूनं.
बरोबर. तिथेच ठेव.
नंतर एकदा: आपल्या चर्चमधल्या मरियेच्या पुतळ्याचा झगा.
जास्त! ओरडलास. पाणी बदल. आत्ता.

पहाटे तीन वाजता मी बादलीत मीठ ढवळत होते.
बाहेर नगरपालिकेची गाडी
रस्त्यावर मीठ फेकत गेली.
या शहरात जिकडेतिकडे मीठ आहे, रेमी,
समुद्र तेवढा नाही.

तेवीस वर्षांत तू मला विचारलं नव्हतंस
एखादी गोष्ट नेमकी कशी दिसते.

टँग अठराव्या दिवशी गेला.
तुला सांगितलं नाही. तू बर्फाच्या वादळात
कुठल्याशा सिग्नलपाशी अडकलेला.
हातात घेतला तर अंगावर एक ठिपका नव्हता.
रोग गेला होता,
मासाही त्याच्यामागोमाग.
अंगणात कुदळ टणकन उडाली.

वर दिवाणखान्यात मोठी टाकी पडीक.
शहात्तर दिवस मासा घालायचा नाही.
दिवे वेळेवर लागतात, पोवळी उघडतात,
गोगलगायी काच चाटतात,
आणि त्या पाण्यात कुठेतरी
डोळ्याला न दिसणारे ते
फुटतात, पोहतात, अंग शोधत हिंडतात
आणि अंगच नाही. एक-दोन दिवसांत संपतात.
मी ताट घेऊन त्या पाण्यासमोर बसू लागले.
खरं सांगू? त्यांचीही
थोडी कीव आली. बेनिग्नोला हे बोलले नाही.

शहात्तराव्या दिवशी तू घरी होतास.
जाळी तूच धरलीस, मला हात लावू दिला नाहीस.
सात मोजलेस. पाइपांत वाकून बघितलंस.
पुन्हा सात.
फ्रीझरमध्ये, मी म्हटलं. मटारांच्या मागे.

आता अंगण मऊ झालं होतं. तू खणलंस,
मी पुडी उघडली नाही.
मग मातीचे हात तसेच ठेवून तू विचारलंस,
शेवटी रंग कसा होता?
पिवळा.
हो, पण किती?