अकरावा धडा

मोबोरच्या हिरवळीवर, साळ नदीच्या अंगाला,
बोस्त्यांव माझा खांदा दाबून म्हणतो,
"थर्मामीटर झटकतात न्हय तुमी? तशें मनगट. पुरो."
चौतीस वर्षं मडगावात फार्मसी चालवली मी,
त्याला हे कुणी सांगितलं कुणास ठाऊक.

शिकण्याआधी एकशे बारा फटके लागायचे.
दहा धड्यांनंतर एकशे सतरा.
बायको वहीत फीचा आकडा लिहिते,
शेजारी काहीच लिहीत नाही.

चेंडू उजवीकडे का जातो, पूर्वी कळायचं नाही.
आता कळतं. तरी उजवीकडेच जातो,
तिसऱ्या काढणाऱ्या बायकांच्या अलीकडे बुडतो.
त्यांतली एक वर न बघता हात हलवते,
बहुधा मला नाही, माशीला.

बोस्त्यांव स्वतः कुणाकडे शिकला नाही.
नऊ वर्षं लोकांच्या पिशव्या वाहिल्या,
त्यांच्या चुका पाठ केल्या.
"तुमची चूक आतां एकूच जाली," तो म्हणतो,
"पयलीं दर खेपे वेगळी आसताली."

मी पुन्हा उभा राहतो. गुडघे सैल.
चेंडू उडतो
उजवीकडे, पाण्यात, अगदी तिथेच
जिथे पडेल असं मी मनात म्हटलं होतं.