एक टाका मागं

सकाळचे आठ. सहकारनगर.
जेवणाच्या टेबलावर थिएटरमधला हिरवा कपडा,
धुऊन धुऊन विटलेला,
आणि त्यावर रुग्ण:
मंडईतलं राजेळी केळं, डझनातलं सगळ्यात सरळ.
पोटावर सहा सेंटिमीटरचा छेद.

पडद्यावर चौऱ्याऐंशी चौकटी.
साठांमध्ये नुसती आद्याक्षरं.
बाकीच्यांत पंखे, कपाळं, एका बँकेचं कॅलेंडर,
औशाच्या भदंगेमागं दोरीवर वाळणारे टॉवेल.
"दिसतंय का?" मी विचारते.
एकवीस वर्षं शिकवलं, हे कधी विचारलं नव्हतं.
ज्याला दिसत नसे तो स्टुलावर चढायचा.

"सुई काटकोनात शिरू द्या. मनगट वळवा, ढकलू नका.
कडा एकमेकींना भेटवा, गळा आवळू नका."
वाक्य पोचतं.
ताण पोचत नाही.
माझ्या सरांनी तो पोचवला
हातावर हात ठेवून, एकदाच,
आणि चुकले तेव्हा फोर्सेप पेरांवर, टक्कन.
मी कुणाला तसं मारलं नाही.
पेरांना मात्र अजून आठवतं.

गाठीचा पहिला वेढा टाकला
आणि मी पुतळा झाले म्हणे.
चॅटमध्ये ओळ आली:
मॅडम, तुम्ही थांबलात.

परत आले तेव्हा एका चौकटीत हात.
नुसतेच हात. फोन डब्याला टेकवलेला, चेहरा बाहेर.
पिवळ्यावर सुई चाललेली,
दर वेळी एवढासाच धागा उचलत,
वर काही दिसू न देता, सारख्या अंतरानं.
कातडीच्या आतून जाणारी ही शिलाई
मला जमायला तीन वर्षं लागली होती.
"ढगे! धायरी! उत्तम. सगळ्यांनी इकडं बघा."

शांतता. मग चौकटीबाहेरून हर्षला:
"मॅडम, ती आई आहे.
तिला दहाच्या आत तीन साड्यांचे फॉल द्यायचेत.
माझं केळं फाटलं."

सगळे हसले असावेत. माइक बंद होते.
मी हसले नाही, मला विचारायचं होतं.
"ताई, किती ओढायचं ते कसं कळतं?"
हात थांबले.
"ओढून बघायचं.
सुरकुती पडली की एक टाका मागं यायचं.
सिल्कला निराळं, सुतीला निराळं."
"आणि घाई असली तर?"
"घाई रोजचीच की."

दहाला चौकटी एकेक विझल्या.
भदंगेची शेवटी. तो टॉवेल गोळा करायला उठला होता,
बंद करायचं विसरून.
ऑगस्टात ही मुलं वॉर्डात येतील.
जळत्या चरबीचा वास त्यांना ठाऊक नसेल,
ना हे, की रक्त ग्लोव्हच्या आतूनही कोमट लागतं.
कुणीतरी भोवळ येऊन पडेल. पडतंच.
तेव्हा मी जवळ असेन, एवढं एक बरं.

केळं अजून टेबलावर.
अकरा टाके, कडा भेटलेल्या,
सातव्यापाशी बारीकशी सुरकुती.
पडद्यावर ती कुणाला दिसली नसणार.
नवरा विचारतो, "हे खायचं की टाकायचं?"
थांब, म्हणते.
कात्री शोधते.