कितवी

शुक्रवारी देवरुखहून वन्संचा फोन येतो.
पहिला प्रश्न हवेचा, दुसरा ठरलेला :
"मग, स्वरदा कितवीत आता?"
स्वरदा माझ्याकडे बघते,
मी कुकरकडे.
नेमकी तेव्हाच शिट्टी होत नाही.

हा शब्द इंग्रजीत नाहीच, असं मला तिनंच सांगितलं.
दुपारभर शब्दकोश घेऊन बसली होती.
"आई, मग आपल्यालाच का लागतो एवढा?"
सांगते म्हणाले. भाजी चिरायची होती.
त्याला आता महिना झाला.

सोहारला बंदराच्या रस्त्यावर दुसरा मजला.
प्रसन्न रात्रपाळीहून येतो, बुटांत भट्टीची राख घेऊन,
तेव्हा आमची शाळा भरते.
कधी तेव्हाच सुटते.
तो झोपतो म्हणून आम्ही हळू आवाजात शिकतो,
पाढेसुद्धा कुजबुजत.

साताचा पाढा सात साते एकोणपन्नासला अडकतो.
विसरल्यामुळे नाही. ती थांबते तिथे.
"पन्नास अजून झालेच नाहीत,
तरी नावात पन्नास कसे?
सत्तेचाळीस स्वतःचे असतात,
अठ्ठेचाळीस पण.
एकोणपन्नासला मात्र आधीच पुढच्या घरी देऊन टाकलंय."
टेबलाखालून शौनक ओरडतो, सात आठे छप्पन!
तो सहाचा आहे. त्याला कुणी विचारलेलं नाही.
पलंगावर प्रसन्न कूस बदलतो.

शाळेत होती तेव्हा रविवारी पहाटे पोट दुखायचं.
बस वळणावर दिसली की जास्त.
प्रगतिपुस्तकात लाल शाईनं :
इयत्तेच्या मानाने मागे.
त्याच आठवड्यात तिनं गच्चीवरून
नांगरलेल्या अकरा जहाजांची नावं वाचून
कुठलं कुठल्या देशाचं ते वहीत मांडलं होतं.
ती वही कुणी तपासायला मागितली नाही.

पण मी काही इतकी धीट नाही.
सगळे झोपले की कपाटातून पुस्तकं काढते,
दुसरीचं, चौथीचं, सहावीचं,
आणि शिंपिणीसारखी झोपलेल्या पोरीला लावून बघते.
चौथीचं गळ्याला सैल, बाह्यांना तोकडं.
सहावीचं एका खांद्यावर चपखल बसतं,
दुसऱ्यावरून ओघळतं.
परत गावी गेलो तर?
तिथे दारातच विचारतील.
एसीच्या घरघरीत मी बेरीज करते वयाची, वर्षांची,
हातचा दर वेळी मीच विसरते.

जूनमध्ये खालच्या उम्म खल्फाननं ताट पाठवलं,
तिच्या झाडाचा पहिला खजूर.
एकाच घडातला, तरी काही पिवळे, दातांना कडक,
काही मधासारखे बोट लावताच फुटणारे.
आणि एक असा की
टोकाकडून अर्धा तपकिरी, मऊ,
देठाकडे अजून कच्चा, तुरट.
स्वरदानं तो उजेडात धरला.
रेष कुठे आहे ते शोधत राहिली बराच वेळ.
रेष नव्हती.
मऊ बाजू तिनं खाल्ली,
उरलेला खिडकीत ठेवला.
"याला राहू दे अजून."
मी काही बोलले नाही. बोलले असते तर धडा झाला असता.

आज परत शुक्रवार.
प्रश्न आला, आणि मी कुकरकडे वळायच्या आत
स्वरदानं फोन घेतला माझ्या हातून.
"आत्या, तू कितवीत आहेस?"

पलीकडे खुर्ची करकरली.
मी डोळे मिटले. आता ऐकून घ्यावं लागणार.
वन्सं जिल्हा परिषदेच्या शाळेत होत्या,
मागल्याच वर्षी निवृत्त झाल्या.
खूप वेळानं आवाज आला,
फोनवर नेहमी असतो तसा मोठा नव्हता :

"मी होय गं?
मी एकतीस वर्षं चौथीत होते.
पोरं पुढे जायची."

कुकरची शिट्टी झाली.
स्वरदानं हातानंच खूण केली, थांब,
आणि फोन घेऊन गच्चीवर गेली.