घाम तेवढा खरा

परखनळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली,
वरचं पाणी फाटलं, नासक्या दुधासारखं.
मी तुझ्या कार्डावर लाल पेन काढला
आणि तू विचारलं, "लाल काऊन जी सिस्टर?"

ममिता वलथरे. वय बावीस. सातवा सरत आलेला.
सिंगाड्याच्या बोडीत टाच रुतावी
तसा माझा अंगठा तुझ्या नडगीत रुतला,
प्रेशर लिहून झालं तरी खळगा भरला नाही.
एकशे साठ. खाली एकशे दहा.

गोळी सुरू झाली, सकाळ-संध्याकाळ.
आठ दिवसांनी आली तू डोकं खाजवत:
"केसात मुंग्या चालून राहिल्या जी.
उवा नाही. पाह्यल्या मी."
सासूनं कडुनिंबाच्या पाण्यानं न्हाऊ घातलेली,
ओला कडू वास सबसेंटरभर.
मुंग्या गोळीच्या आहेत म्हटलं, राहतील थोडे दिवस.

ट्रेनिंगला ऐकलेलं एवढंच माझ्यात टिकलं आहे:
ही गोळी काळजाला दम धरायला लावते,
आणि रक्तातली साखर उतरली
की काळीज जी हाक मारतं, तीही दाबते.
हात कापत नाहीत, छाती धडधडत नाही.
घामावर मात्र तिचा जोर चालत नाही.

मार्गशीर्षातला तिसरा गुरुवार.
बाकावर शाली पांघरलेल्या बाया, तोंडातून वाफा,
आणि तुझ्या कपाळावर थेंब.
नाडी धरली. सत्तर. शहाण्या पोरीसारखी चालत होती.
"जेवली काय?"
"उपास आहे."
"आन् गोळी?"
"घेतली नं जी. गोळी चालते उपासाला."

बोट टोचलं. बावन्न.
माझ्या चहाच्या डब्यातला गूळ
कोंबला तुझ्या तोंडात.
महालक्ष्मीची माफी तू मागितली, चघळता चघळता.
मी नाही मागितली.

मग छत्तिसाव्या आठवड्यात ती रात्र,
एकशे दोनची गाडी, लाखांदूरचा रस्ता,
दर खड्ड्याला तुझा हात माझ्या मनगटावर.
पोरगी झाली, एक किलो नऊशे,
गप्प, फार गप्प.
इवलीशी टाच टोचली: चौतीस.
डॉक्टर म्हणाले, आईची गोळी नाळेतून उतरते कधीकधी.
दोघींनी मिळून तुझा चीक पिळला,
पिवळा, घट्ट, चमचाभरही नाही,
पालाडीनं थेंब थेंब.
पहाटे साठ. तेव्हा कुठे ती रडली
आणि वॉर्डातल्या सगळ्यांची झोप मोडली.

सव्वा महिन्यानं आली तू, बांगड्या सैल,
"माह्या मुंग्या गेल्या जी," म्हणाली,
जशा पाहुण्या आल्या होत्या.

आता बाकावर बाई टेकली
की मशीन काढायच्या आधी
मी उलट्या हातानं कपाळ चाचपते.
बाया हसतात: सिस्टरले ताप पाह्यची सवय लागली.
ताप नाही वं माय.
जेवली काय?