आकसायची सूट

उद्यमनगरात माझी पट्टी वेगळी होती.
तिच्यावरचा एक फूट
बाजारातल्या फुटापेक्षा केसभर लांब.
ओतीव थंड होताना आकसतं,
म्हणून लाकडाचा पॅटर्न आधीच जरा मोठा धरायचा.
बिडाला एवढी सूट, पितळेला तेवढी.
चाळीस वर्षं मी
खोट्या मापानं खरं काम केलं.

खालच्या पापणीवर तांदळाएवढं काहीतरी आलं.
वाटलं, सागवानाचं कुसळ गेलं असेल.
दोन वर्षं तसंच. खपली धरायची, निघायची.
शाहूपुरीत हेरवाडे डॉक्टरीणबाईंनी भिंग लावून बघितलं
आणि खुर्ची जवळ ओढून बसल्या.
खुर्ची ओढली की समजायचं.

"काढायला लागणार. काठासकट.
निम्म्याहून जास्त पापणी जाईल."
मग पॅडच्या पाठीमागं चित्र काढलं:
वरची पापणी उलटायची,
तिच्या आतला ताठ पदर
काठापासून चार मिलिमीटर सोडून उचलायचा,
मुळापासून तोडायचा नाही,
तसाच डोळ्यावरून खाली आणून शिवायचा.
"रक्त वरूनच येत राहील. सहा आठवडे."
म्हणजे वरचीनं खालचीला उसनं द्यायचं
आणि ते अंगी लागेस्तोवर
दोघींनी दार लावून बसायचं.

"चार मिलिमीटर कशाला सोडता?"
"नाहीतर वरची ढासळेल, मेस्त्री."
"आणि बाहेरून कातडं?"
"उजव्या कानामागचं."
"मोजून घेता?"
"मोजून, वर जरा जास्त. आकसतं ते."
मी काही बोललो नाही.
बायको म्हणाली, हसताय कशाला?

सहा आठवडे एका डोळ्याचे.
चहा कपाबाहेर.
जिन्याची पायरी असायची तिथं नसायची.
हणमंता कोअर-बॉक्स घेऊन घरी आला,
"काटकोन तेवढा बघा की."
बोटानं बघितला. अर्ध्या सुतानं चुकला होता.
रात्री कुणी दिवा लावला
तर शिवलेल्या डोळ्याला कळायचं, तांबूस,
भट्टीचं झाकण सरकल्यावर
लांबच्या भिंतीवर पडतं तसं.

दुसऱ्या खेपेला काम थोडंच.
कात्रीचा बारीक आवाज,
मग एक फट,
आणि फटीत बाईंची हिरवी टोपी,
तिची उसवलेली शिवण.
तिथं केस येणार नाहीत, त्या म्हणाल्या.
म्हटलं, रंधा मारलेल्या फळीला कुठं येतात.

आता पाणी काठाशी ठरतं,
ठरून आतल्या आत जातं.
बायकोची तक्रार आहे:
"आता रडलासा तरी कळायचं न्हाई."

सोमवारी दुकान उघडलं.
सवयीनं पेन्सिल उजव्या कानावर खोवली,
तर हुळहुळलं.
चाळीस वर्षं ती जिथं टेकायची
ते कातडं आता डोळ्याखाली आहे.
डाव्या कानावर ठेवली.
सारखी पडते.